तुळईच्या पोटाला

रेल्वे फाटकावरच्या नव्या पुलाखालून जाताना
पाचव्या खांबाच्या पुढं मान वर करा.
तुळईच्या पोटाला एक गाठ दिसेल,
जुन्या चाराण्याएवढी,
भोवती पाण्यासारख्या रेघा.
सिमेंटला गाठ नसते.
ती फळीची आहे. फळी आमची होती.

आम्ही सेंटरिंगचे सुतार.
दारं-खिडक्या करणारे वेगळे,
त्यांचं लाकूड लोकांच्या घरात राहतं,
पॉलिश खातं, लग्नाला तोरण मिरवतं.
आमचं लाकूड काढायसाठीच ठोकलेलं.

मोनाप्पा सुतार, किणयेचा.
कानावर पेन्सिल, हिशोब प्लायवर.
तो ओळंबा सोडायचा,
पलीकडून इराण्णा बडिगेर म्हणायचा, "इन्नू स्वल्प."
"बास की गा, किती स्वल्प!"
हे भांडण चहापर्यंत पुरायचं.

युनियनचं ऑफिस म्हणजे शहापुरात
वेल्डिंगच्या दुकानावरची खोली.
पावतीबुकाचं शीर्षक कन्नडात,
मागं मराठीत बॉलपेननं आकडा. वर्गणी तीस रुपये.
शांतव्वा सुट्टी नाणी आणून ओतायची.
तिचं काम खिळे उपसायचं.
वाकडा खिळा दगडावर ठेवून तीन ठोक्यांत सरळ.
बोर्डाच्या कार्डावर तिचा धंदा 'हेल्पर' लिहून आला,
इराण्णानं अर्ज तीनदा परत पाठवला.
चौथ्यांदा 'सुतार' आलं.
ती म्हणाली, ह्यातलं कुठलं अक्षर ते, बोट ठेवून दाखव.

बाराव्या दिवशी साहेब आले.
उद्घाटनाची तारीख बेंगळुरात ठरलेली,
मंडपवाला मापं घेऊन गेलेला.
टेकू काढा, म्हणाले.
मोनाप्पा म्हणाला, एकवीस.
क्यूब टेस्ट ओके आहे.
"रिपोर्ट दाखवा की मग."
रिपोर्ट हुबळीत होता.
"एवढी घाई कशाला सायेब,
पूल काय पळून जाऊलाय काय?"

दुसऱ्या दिवशी हुक्केरीकडची टोळी आणली टेम्पोतून.
अकरा पोरं, हातात आमच्यासारख्याच पहारी.
आम्ही टेकूंच्या रानात बसलेलो,
एकेकाला पाठ लावून, चव्वेचाळीस जण.
घोषणा नव्हती. शांतव्वानं भाकरी सोडली.
पोरांतल्या एकानं वर बघितलं,
टेकूवर बोटानं टकटक केलं,
इराण्णाला कन्नडात विचारलं, किती दिवस झाले?
"हदिमूरु."
तेरा.
तो जाऊन टेम्पोत बसला.
मग बाकीचे, एकेक करून,
शेवटचा आमच्यातली अर्धी भाकरी घेऊन.

नऊ दिवसांचा पगार बुडाला.
ही गोष्ट सांगताना तेवढं सगळे गाळतात.
मोनाप्पाच्या बायकोची बोरमाळ
खडेबाजारात गहाण पडली, अजून तिथंच आहे.

बाविसाव्या दिवशी सकाळी
मधला टेकू आधी ढिला केला, मग दोन्ही अंगांनी बाहेर बाहेर.
तसंच काढायचं असतं.
वरून एक आवाज आला,
म्हातारं माणूस पाटावर टेकताना करतं तसला.
पूल स्वतःवर बसला.
कुणी काही बोललं नाही. मालगाडी गेली.
मोनाप्पानं फळी सोलून काढली,
खाली सिमेंट गार, आणि त्यात ती गाठ.
फिनिशिंगवाला घासायला शिडी घेऊन आला,
इराण्णा म्हणाला, "इरली बिडप्पा."
राहिली.

कोनशिलेवर सात नावं आहेत. मी वाचली नाहीत.
फळी पुढं हिंडलग्याच्या कामावर गेली,
तिथं उभी चिरली,
शेवटी शांतव्वाच्या चुलीत.
खिळे आधी काढून घेतले तिनं.